तुसावरची कबड्डी

मला कबड्डी येत नव्हती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको. अंगाने मी भरलेली, जिना चढले तरी धापा टाकणारी, आणि समोरून कुणी अंगावर आलं की डोळे मिटून घेणारी. तरीही शाळेच्या मुलींच्या संघाची मी कॅप्टन होते. त्याचं कारण एवढंच, की पावसाळ्यात सरावाला लागणारी माडी आमच्या घरची होती. माझ्या नातीला मी फक्त ‘कॅप्टन होते’ एवढंच सांगितलंय. पुढचं तिनं विचारलेलं नाही आणि मीही घाई केलेली नाही.

आमचं घर शुक्रवार पेठेतल्या एका बोळात होतं, पुण्याच्या नव्हे, आमच्या गावच्या. रस्त्याच्या अंगाला आण्णांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, वर लाकडी फळ्यांची माडी. माडीवर कांदे पसरलेले असायचे, जादा गाद्यांची वळकटी असायची आणि पाहुणे आले तर झोपायची सोय. खाली दिवसभर टिकटिक. दुरुस्तीला आलेली भिंतीवरची घड्याळं आपापल्या मर्जीनं वाजत, त्यामुळे आमच्याकडे बाराचे ठोके पावणेबारापासून सुरू होत ते सव्वाबारापर्यंत चालत. कुणी हसलं तर आण्णा म्हणत, सगळी घड्याळं बरोबर चालाय लागली तर मी काय खायचं? ते तसे फार बोलत नसत. डोळ्याला भिंग लावून तबकडीवर वाकलेली त्यांची मान, एवढंच त्यांचं रूप माझ्या मनात पक्कं आहे. आई मूळची आजऱ्याकडची. तिच्या हातचं तांदळाचं घावन आणि मिरचीचा खर्डा आमच्या बोळात प्रसिद्ध होता, आणि मुली माझ्याकडे खेळायला येत त्या बऱ्याचशा त्या घावनासाठीच येत, हे मला त्या वेळी कळत असूनही मी कळू दिलं नाही.

आमच्या संघात खरं खेळणारी एकच होती, ती म्हणजे शालन. कसबा बावड्याहून चालत शाळेला यायची. घरी ऊस, दोन म्हशी आणि शालनचं लग्न उरकायची घाई. ती काटकुळी होती, पण चढाईला गेली की समोरच्या मुलींच्या हातात तिचं नुसतं वारं यायचं. तिच्या वडलांनी त्या वर्षी स्पष्ट सांगितलं होतं, की जिल्ह्याच्या संघात नाव लागलं तर मॅट्रिकपर्यंत शाळा, नाहीतर दिवाळीनंतर पाहुणे बघायला येतील. हे तिनं आम्हाला घावन खाता खाता, जणू दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं. ‘मी आपलं खेळतो,’ ती म्हणाली. आमच्याकडे मुलीही ‘मी जातो, मी खातो’ म्हणतात, पुण्याकडच्या लोकांना त्याची फार गंमत वाटते. ‘मी खेळतो. पुढचं जोतिबा बघून घील.’

जोतिबानं बघायचं ठरवलं, पण पावसानं नाही. शाळेचं मैदान आषाढातच तळं झालं आणि सामने तर गणपतीनंतर. खेळाच्या बाईंनी वर्गात बाकं बाजूला सरकवून बघितलं, पण हेडमास्तर शेजारच्या वर्गातून उठून आले. तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणाले, आमची माडी आहे की. कॅप्टनपद मला त्याच क्षणी मिळालं.

पहिल्या दिवशी आम्ही कांदे कोपऱ्यात ढकलले, खडूनं मध्यरेषा ओढली आणि शालननं पहिली चढाई केली. तिला धरायला तिघीजणी एकदम पडल्या. खाली काय झालं ते आईनं नंतर सांगितलं. भिंतीवरची दोन घड्याळं एकदम वाजली, त्यातलं एक गेल्या दिवाळीपासून बंद पडलेलं होतं. फळ्यांच्या फटींतून धुळीचा पडदा खाली आला, आणि आण्णांच्या पुढ्यात एका बाईमाणसाचं बारीक घड्याळ उघडं होतं, त्यातला स्क्रू उडाला. तो स्क्रू म्हणजे खसखशीएवढा. आम्ही सगळ्याजणी संध्याकाळपर्यंत दुकानात गुडघ्यांवर फिरत होतो. सापडला तो आण्णांच्या टोपीत. ते रागावले नाहीत, पण जेवताना म्हणाले, उद्यापासनं वर काय आवाज नको. आणि भाकरीचा तुकडा मोडून पुन्हा म्हणाले, खेळा, पर आवाज नको.

ही अट ऐकून शहाण्या मुलीनं खेळ सोडला असता. मी इंजिनियर झाले. आवाज होणार नाही आणि धूळ पडणार नाही अशी जमीन आपणच माडीवर तयार करायची, असं मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जाहीर केलं. भौतिकशास्त्रात मला पस्तीसच्या वर कधी मिळाले नव्हते, पण आवाज मऊ वस्तूत बुडतो एवढं मला कळत होतं. आधी वाकळा अंथरून बघितल्या. त्या पायांखालून अशा सटकल्या, की एक मुलगी वाकळेसकट जिन्याच्या तोंडापर्यंत जाऊन थांबली. मग ठरलं, की पोत्यांत काहीतरी भरायचं, ती पोती एकमेकांना शिवायची, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबांच्या पट्ट्या घालायच्या आणि वरून जाड सतरंजी ताणून कडेला ठोकायची. ट्यूबा सायकलवाल्याकडच्या, फुकटच्या. भरायला शालननं बावड्याच्या गुऱ्हाळावरची उसाची वाळकी चिपाडं आणली, चुलाणात घालायला रचून ठेवलेली. आणि पोती मी आणली, गुळाच्या अडत्याकडून. छान जाड तागाची पोती. त्यांना गुळाचा इतका गोड वास येत होता, की शिवताना आम्ही अधूनमधून ती हुंगत होतो. हे वाचताना तुमच्या जे लगेच ध्यानात आलं असेल, ते आमच्या इतक्या जणींच्या ध्यानात आलं नाही.

दाभण आणि सुतळी घेऊन आम्ही आठवडाभर शिवत होतो. माझ्या बोटांची चाळण झाली. शेवटी सतरंजी ताणली आणि चाचणी झाली. आण्णा खाली बसले, आम्ही वर एकीला मुद्दाम पाडली. थोडा वेळ गेला आणि खालून आण्णांनी विचारलं, पडली का न्हाय अजून? त्या दिवशी मला जे वाटलं ते पुढे माझ्या लग्नातसुद्धा वाटलं नाही.

सुखाचे हे दिवस मुंग्यांनी संपवले. आधी एक ओळ दिसली, भिंतीवरून माडीकडे जाणारी. आम्ही कौतुकानं बघितली. मग जिन्यावरून, मग दुकानाच्या तुळईवरून. चिपाडांत उरलेला रस आणि पोत्यांतला गूळ, अशी मेजवानी मी पेठेतल्या सगळ्या मुंग्यांसाठी अंथरली होती. मुलींच्या पोटऱ्यांवर गांधी उठल्या, पण खेळ थांबला नाही. थांबला तो एक दूधवाले पावणं दुकानात आले त्या दिवशी. धिप्पाड माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल. मी तेव्हा दुकानातच होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून आण्णांच्या पुढ्यात ठेवलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, ‘मालक, परवा तुमच्याकडनं न्हेलं. वेळ बरोबर दावतंय, तक्रार न्हाय. पर ह्यात एक मुंगी फिराय लागलीया. ती भाईर कशी येणार?’

काचेखाली, आकड्यांवरून, खरोखरच एक मुंगी चालली होती. आण्णांनी काच काढली, मुंगीला कागदावर घेतलं, बाहेर पायरीवर नेऊन सोडलं, घड्याळ बंद करून पावण्यांना हात जोडले. मग दुकानाची फळी लावली आणि मला मागे घेऊन माडीवर आले. चप्पल जिन्याशी काढली, सतरंजीवर उभे राहिले, टाचेनं दाबून बघितलं. आत काय भरलंय म्हणून विचारलं. मी सांगितलं. 

‘वर गूळ आणि खाली घड्याळं,’ ते म्हणाले. ‘शाब्बास.’

सगळं बाहेर काढायचं ठरलं. शालन तिथंच उभी होती. सतरंजीचे खिळे उपसायला तीच सगळ्यांत आधी खाली बसली, आणि तिच्याकडे बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. मला खेळ गेला तर घावन उरणार होतं. तिचं तसं नव्हतं. आईनं हे कुठून बघितलं कोण जाणे. तिनं जेवताना आण्णांना एवढंच सांगितलं, की पोती मी बघते, तुम्ही मुंग्यांची काळजी करू नका. दुसऱ्या दिवसापासून आमच्या न्हाणीत मोठ्या हंड्यात कडुलिंबाचा पाला आणि पोती उकळायला लागली. भर पावसात ती वाळवायची कशी? तर शेगडीवर मोठी पाटी पालथी घालायची आणि तिच्यावर एकेक पोतं पसरायचं. घरभर धूर, लिंबाचा कडू वास, आणि ताकातल्या भाकरीलाही ताजा ताग खाल्ल्याची चव. माझा मामा आजऱ्याहून बाजाराला आला होता, त्याला सांगून आईनं भाताचं तूस मागवलं. त्यात खाण्यासारखं मुंगीलाही काही सापडत नाही, असं ती म्हणाली. तूस भरताना ते नाकातोंडात जायचं, केसांत बसायचं. मी शाळेत डोकं खाजवलं की बाकावर तूस पडायचं आणि शेजारची मुलगी लांब सरकायची. पण जमीन झाली, आणि आधीच्यापेक्षा चांगली झाली. श्रेय मी नेहमीप्रमाणे संघाच्या वतीनं स्वीकारलं.

आता पायांचा आवाज गेला, पण तोंडाचा राहिला. कबड्डीत दम घुमवावा लागतो, ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत जावं लागतं, आणि तो आवाज तुसाला विचारत नाही, तो सरळ जिन्यानं खाली येतो. आण्णा म्हणाले, पायांचं केलंसा, आता तोंडाचं बघा. मग आम्ही कुजबुजत खेळायला लागलो. बघता बघता सगळ्या इतक्या तयार झाल्या, की शालन चढाईला जायची तेव्हा फक्त तिचे ओठ हलताना दिसायचे. एकदा एक म्हातारी बाई गजराचं घड्याळ घेऊन आल्या होत्या. वरून ती अखंड कुजबुज ऐकून त्यांनी आईला विचारलं, घरात अनुष्ठान बसवलंय व्हय? आई म्हणाली, पोरी हायत वर. ‘ह्या वयात नामाची गोडी लागली, भाग्य तुमचं,’ म्हणत त्यांनी चपला काढून जिन्याला नमस्कार केला. आईनं त्यांचा गैरसमज तसाच राहू दिला.

मला मात्र कुजबुजता येत नव्हतं. माझा आवाज जन्मापासूनच बोळभर. मी कुजबुजले तरी शेजारणीचं बाळ जागं व्हायचं. त्यामुळे कॅप्टन असूनही मला माडीवर चढाईची बंदी झाली. मी वळकटीवर बसून पंच व्हायचे आणि बाद झालेल्या मुलीला बोटानं खूण करायचे. स्वतःच्या घरात, स्वतः केलेल्या जमिनीवर, स्वतःच्या संघात मी मुकी होते. ह्याचं दुःख मी घावनावर काढलं.

सामने एका दुसऱ्या शाळेच्या मैदानावर होते. पावसानं उघडीप दिली होती, लाल माती अजून ओलसर होती. आम्ही निळ्या चड्ड्या घालून उभ्या होतो आणि ओळखीचं कुणी बघत नाही ना म्हणून जी ती इकडेतिकडे बघत होती. शालनचे वडील सायकलवरून आले होते, ते कुंपणापाशी सायकल न सोडता थांबले. आण्णांना आईनं डबा देऊन पाठवलं होतं. दुकान बंद करून आल्यामुळे ते अवघडल्यासारखे दिसत होते.

पहिली चढाई शालनची. ती मध्यरेषा ओलांडून गेली, डावीकडे झुकली, एकीच्या खांद्याला हात लावून परत आली, आणि पंचांनी शिट्टी मारली. आम्हाला वाटलं गुण मिळाला. पंच म्हणाले, दम ऐकू आला नाही, चढाई धरली जाणार नाही. ती परत गेली तेव्हाही तेच. आमच्या दुसऱ्या मुलीचंही तेच. तिसऱ्या वेळी पंच वैतागून शालनला म्हणाले, ‘बाळ, तू काय स्तोत्र म्हणाय लागलीयास काय?’ समोरचा संघ हसला, लोक हसले. खरं सांगायचं तर त्या मुली आवाज चोरत नव्हत्या. सगळा पावसाळा त्यांनी श्वास तसाच बांधला होता. मोठ्यानं म्हणायला गेल्या की दम मध्येच तुटायचा आणि पाय चुकायचे. ती जमीन मी केली होती. आवाज बुडवायची माझी युक्ती इतकी यशस्वी झाली होती, की आमचा अख्खा संघ तिच्यात बुडाला.

मध्यंतराला आम्ही बऱ्याच गुणांनी मागे होतो. शालन खाली बसून नखांनी माती उकरत होती. कुंपणाकडे ती बघत नव्हती, आणि तिकडे तिच्या वडलांनी सायकल रस्त्याच्या बाजूला वळवली होती. बाई आम्हाला काहीतरी समजावत होत्या, ते कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. तेवढ्यात आण्णा डबा हातात घेऊन रेषेपाशी आले. सगळ्या मुली उठून उभ्या राहिल्या, कारण आण्णांनी आपणहून बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं.

‘पोरींनो,’ ते म्हणाले, ‘हितं कुणाचं घड्याळ उघडं हाय? वरडा की.’

एवढं बोलून ते डबा ठेवून माघारी गेले. कुणी ओरडलं नाही. शेवटी बाईंनी माझ्याकडे बघितलं. ऐकू येणारी एकच मुलगी संघात होती. मी चढाईला निघाले, आणि इतक्या महिन्यांचा कोंडलेला आवाज असा बाहेर आला, की बाजूच्या खो-खोच्या मुली खेळ थांबवून बघायला लागल्या. समोरचा संघ आधी दचकून मागे सरला. ह्या भागावर मी थांबले असते तर बरं झालं असतं, पण मी पुढे गेले. एकीनं घोटा धरला, दुसरीनं कंबर, आणि मग जागा मिळेल तिथं बाकीच्या. त्या मातीत तूस नव्हतं, हे मला माझ्या हनुवटीनं सांगितलं. सगळ्यांच्या खाली दबलेली असताना मी डोळे मिटून ‘कबड्डी कबड्डी’ ओरडतच होते. पंचांनी शिट्टी मारली तरी ओरडत होते. त्यांना वाकून सांगावं लागलं, की तू मघाशीच बाद झालीस. मैदानावर हशा उसळला.

मी चिखल पुसत बाहेर आले तेव्हा शालन पोट धरून हसत होती. डोळ्यांत पाणी, केसांत माती. आणि हसता हसताच ती उठली, चढाईला गेली आणि ओरडली. तसा आवाज तिच्यात आहे हे तिला स्वतःलाही ठाऊक नसावं. गुऱ्हाळावरून बैलांना हाका मारतात तसा. पहिल्या खेपेला एक गुण, दुसऱ्या खेपेला दोन. समोरच्या मुली तिच्याकडे बघायच्या की आवाजाकडे, त्यांना कळेना. मग बाकीच्याही ओरडायला लागल्या. मी बाहेर बसून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडत होते, ते मात्र नियमात बसत नाही म्हणून पंचांनी मला गप्प केलं.

सामना आम्ही हरलो, थोडक्यात हरलो. पण संध्याकाळी जिल्ह्याच्या संघातली नावं पुकारली, त्यात शालनचं होतं. तिचे वडील कुंपणापाशी अजून उभे होते. आण्णा त्यांच्याशेजारी जाऊन थांबले होते. नाव पुकारल्यावर त्यांनी आण्णांना विचारलं, ‘लई वरडती व्हय ही?’ आण्णा म्हणाले, आमच्या घरात तर कधी ऐकू आली न्हाय. शालन मॅट्रिक झाली, पुढे गडहिंग्लजकडे एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. मध्यंतरी तिचा फोन आला होता. मी फोन कानापासून हातभर लांब धरून बोलले, आणि तिनंही तेच केलं असणार.

पाऊस संपला, मैदान वाळलं, माडीवरचा सराव बंद झाला. जमीन उचलायची होती, पण हनुवटीचं निमित्त करून मी ते काम पुढे ढकलत राहिले. दसऱ्यानंतर एक दिवस शाळा लवकर सुटली. मी घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात कुणी नव्हतं आणि चहाचं आधण चुलीवरून उतरवून ठेवलेलं होतं. मी जिन्याकडे वळले. आण्णा तबकडीवर वाकलेले होते. मान वर न करता म्हणाले, ‘थांब. वर जाऊ नकोस.’

मी विचारलं, का?

‘तुझी आई खेळाय लागलीया.’

मला आधी अर्थच लागेना. मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. बोळातल्या बायका दुपारी जमतात, आमची मॅच झाली तेव्हापासून. आई लग्नाआधी गावात हुतुतू खेळायची. आसपासच्या वाड्यांवरच्या मुली तिला वचकून असत, हे त्यांना मामानं लग्नात सांगितलं होतं. मला इतकी वर्षं ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, आई आजऱ्याहून थेट चुलीपाशी आली.

मी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. कान देऊन ऐकलं. ‘चांगली खेळती का?’ मी विचारलं.

‘मला काय म्हाईत,’ आण्णा म्हणाले. ‘खाली काय ऐकू येतंय?’

बऱ्याच वेळानं बायका एकेक करून उतरल्या, पदर सावरत, माझ्याकडे न बघता मागच्या दारानं गेल्या. शेवटी आई आली. चेहरा लाल, कपाळावरचं कुंकू पसरलेलं, श्वास अजून वरच्या वर. मी तिच्याकडे बघतच राहिले.

‘अशी काय बघतीयास?’ ती म्हणाली. ‘भूक लागलीया व्हय?’

मी हो म्हणाले. ती चुलीपुढे बसली आणि तव्यावर घावनाचं पीठ पसरायला लागली. तिच्या कोपराला तागाचा एक लांब धागा चिकटला होता. तो मी काढला नाही, आणि तिला सांगितलंही नाही.